‘नम्र आहे’ असं लिहिण्याआधी

सत्र संपत आलं की प्राथमिक शिक्षकाला प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी पूर्ण कराव्या लागतात. विषयांतली प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक आणि व्यक्तिमत्त्व गुणविशेष. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये आलं, तेव्हापासूनची ही रीत. आधीचे रकाने मला जमले. हातच्याची वजाबाकी कोणाला येते, जोडाक्षरापाशी कोण अडखळतं, हे तिसरी-चौथीला शिकवताना रोजच दिसतं. गुणविशेषांच्या रकान्यापाशी मात्र मी अडकले. समोर तीसेक मुलांची नावं होती आणि त्यातल्या एकाही मुलाबद्दल ‘हा असा आहे’ असं छातीठोकपणे लिहावं, एवढं मला माहीत नव्हतं.

मी शिक्षण सेवक म्हणून रुजू झाले ते हे पहिलंच वर्ष. शाळा बीड जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तयार नोंदींची पीडीएफ फिरत असते, ती सरांनी लगेच पाठवली. ‘शालेय शिस्त आत्मसात करतो.’ ‘वडीलधाऱ्यांशी नम्रपणे बोलतो.’ ‘मित्रांना मदत करतो.’ एकेक ओळ एकेका नावापुढे टाकली की काम होतं. दोन वर्ग एकत्र शिकवायचे, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, ऑनलाइन माहिती भरायची, मतदार यादीचं काम करायचं, या सगळ्यात कोणी ही वाट धरली तर त्याला मी दोष देणार नाही. पण मी एकच ओळ दोन अगदी वेगळ्या मुलांपुढे लिहून पाहिली आणि ती दोघांनाही सारखीच बसली. म्हणजे ती दोघांपैकी कोणाबद्दलच काही सांगत नव्हती.

डी.एड.च्या एका मैत्रिणीने तेव्हा मला एक यादी पाठवली. क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली केलेली, २४ गुणांची. माणसाचं काय बिघडतं याची सूची मानसशास्त्राकडे पूर्वीपासून होती; माणसात चांगलं काय असतं याचीही तितकीच नीट सूची असावी, म्हणून त्यांनी वेगवेगळ्या संस्कृतींतले ग्रंथ आणि परंपरा चाळून ही यादी तयार केली. शहाणपण, धैर्य, माणुसकी, न्याय, संयम आणि स्वतःच्या पलीकडे पाहण्याची वृत्ती असे सहा गट, आणि त्यांत जिज्ञासा, चिकाटी, दयाळूपणा, क्षमा, सावधपणा, कृतज्ञता वगैरे. यादीत विनोदबुद्धी आहे हे पाहून मला नवल वाटलं. आमच्याकडे वर्गाला हसवणाऱ्या मुलापुढे ‘बडबड करतो, सुधारणा आवश्यक’ एवढंच लिहिलं जातं.

यादी वाचून गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला. चोवीस गुण आणि तीस मुलं. आता हे शिकवायचं कसं? आठवड्याला एक गुण घ्यायचा? सोमवारी फळ्यावर ‘कृतज्ञता’ लिहायचं आणि शुक्रवारी तपासायची? रोजच्या परिपाठात सुविचार असतो, बोधकथा असते, दिनविशेष असतो. मुलं ते सगळं खणखणीत आवाजात म्हणतात आणि रांग मोडली की पाण्याच्या टाकीपाशी ढकलाढकली सुरू.

पहिला धागा सापडला तो ओढ्यावर. आमच्या वस्तीवरची मुलं ओढा ओलांडून शाळेत येतात. भाद्रपदात एका रात्री बराच पाऊस झाला. सकाळी मी गाडी अलीकडे लावून उभी होते आणि पलीकडे मुलांचा घोळका. त्यात चौथीतला एक मुलगा होता. हजेरीत याचे निम्मे दिवस कोरे. माझ्या वहीत त्याच्यापुढे आधीच ‘अनियमित’ असं पेन्सिलीने लिहिलेलं. तो हातातली काठी पाण्यात रोवून खोली बघत होता. दोन मोठी पोरं उतरायला निघाली तर त्याने त्यांना हाताला धरून मागे ओढलं. त्यांनी त्याला भित्रा म्हटलं. तो हलला नाही. मला ओरडून म्हणाला, “मॅडम, आणखी दोन बोटं उतरू द्या, मग आणतो समद्यांना.” पाणी ओसरल्यावर त्याने पहिलीतल्या पोरांच्या चपला एका पिशवीत घातल्या, एकेकाला हाताला धरून आणलं आणि स्वतः शेवटी आला.

मी त्या दिवशी मनात ‘धाडसी’ असा शब्द घेऊन शाळेत गेले. दुपारी पुन्हा विचार केला तेव्हा लक्षात आलं की पाण्यात उडी मारायला निघालेली मोठी पोरं धाडसी होती. हा थांबला होता, आणि मित्रांनी भित्रा म्हटलं तरी थांबून राहिला होता. चोवीसांच्या यादीत त्याला सावधपणा म्हटलं आहे. आमच्या कुठल्याही बोधकथेत सावधपणाला बक्षीस मिळालेलं मी ऐकलेलं नाही. मी वहीत गुणाचं नाव लिहिलंच नाही. काय घडलं ते लिहिलं: ‘ओढ्याला पाणी असताना काठीने खोली मोजली. उतरायला निघालेल्यांना थांबवलं. पाणी उतरल्यावर सगळ्यांना आणलं.’ पुढे कधी त्या मुलाबद्दल कोणी विचारलं, तर या ओळींवरून काहीतरी सांगता येईल.

मग मी रोज दोन-तीन मुलांकडेच नीट पाहायचं ठरवलं. सगळ्यांकडे एकदम पाहिलं की कोणीच दिसत नाही. खिचडीच्या रांगेत, खेळताना, गणित अडलं की, दप्तर भरताना. जे दिसेल ते क्रियापदात लिहायचं. ‘चिकाटी आहे’ असं लिहायचं नाही. ‘तीनदा खोडून चौथ्यांदा वर्तुळ काढलं’ असं लिहायचं. एवढं सोपं वाटलं, आणि लगेचच अडचण आली.

वर्गातला पृथ्वीगोल स्टँडवरून निखळून फरशीवर पडला आणि त्याला चीर गेली. कोणाच्या हातून, विचारलं. तिसरीतली एक मुलगी उभी राहिली, “माझ्या हातनं पडला.” मी दारातून पाहिलं होतं, तो तिच्या हातून पडलेला नव्हता, शेजारच्या मुलीच्या हातून पडला होता. मधल्या सुट्टीत तिला बाजूला घेऊन विचारलं, असं का म्हणालीस? ती म्हणाली, “तिची आई कालच उसाला गेली ना मॅडम. ती आधीच रडती.”

आता या मुलीपुढे काय लिहायचं? खोटं बोलते? की मैत्रिणीला जपते? यादीत प्रामाणिकपणा आणि दयाळूपणा दोन्ही आहेत, आणि दोघांची टक्कर झाली तर कोणाचं ऐकायचं हे यादी सांगत नाही. हा गुंता मी सरांना सांगितला. ते म्हणाले, “मॅडम, केंद्रप्रमुखांना रकाना भरलेला लागतो.” त्यांचं म्हणणं बरोबर होतं. रकाना दोन बोटांचा आहे.

याच काळात मी ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांच्या कामाबद्दल वाचलं. अमेरिकेत १९२०च्या दशकात त्यांनी हजारो शाळकरी मुलांना अशा प्रसंगांत ठेवून पाहिलं, जिथे कॉपी करता येईल, पैसे ठेवून घेता येतील, खोटं बोलता येईल. १९२८ ते १९३० या काळात ते प्रसिद्ध झालं. परीक्षेत फसवणारं मूल खेळातही फसवेलच असं त्यांना दिसलं नाही. एका ठिकाणी प्रामाणिक राहणारं मूल दुसऱ्या ठिकाणी डगमगत होतं. त्यानंतरच्या अभ्यासकांनी या निष्कर्षावर बरीच चर्चा केली, पण वर्गात उभं राहिल्यावर मला ते पटतं. ‘प्रामाणिक आहे’ हे दोन शब्द मुलाच्या सगळ्या दिवसांना आणि सगळ्या प्रसंगांना पुरत नाहीत. मी त्या मुलीपुढे लिहिलं: ‘पृथ्वीगोल पडला तेव्हा मैत्रिणीचा दोष स्वतःवर घेतला. एकटीला विचारल्यावर खरं कारण सांगितलं.’ वाचणाऱ्याने ठरवावं.

शनिवारचा प्रयोग वेगळाच निघाला. पहिली ते आठवीसाठी राज्यात २०२४ मध्ये ‘आनंददायी शनिवार’ आला, त्यामुळे त्या दिवशी दप्तर नसतं आणि हाताशी थोडा वेळ असतो. रोज घडलेल्या तीन चांगल्या गोष्टी लिहून काढण्याचा सराव सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मोठ्या माणसांवर करून पाहिला होता आणि त्याचा उपयोग दिसला होता. मुलांना वर्तुळात बसवून मी विचारलं, काल काय चांगलं झालं? एकेक उभं राहून म्हणू लागलं, “मोठ्यांचा आदर करावा.” “झाडे लावा, झाडे जगवा.” त्यांना वाटलं, परिपाठच आहे. मग प्रश्न बदलला: काल तुला कोणी काय दिलं? एकदम आवाज वाढला. “आज्जीनं शेंगदाणे.” “ह्यानं बोर दिलं मॅडम, पण अर्धं खाल्लेलं.” “मावशीनं खिचडी जास्त वाढली.”

एक मुलगा मात्र म्हणाला, “काहीच नाही.” पुढच्या शनिवारीही तेच. त्याला काहीतरी चांगलं आठवायला लावावं का, हे मला कळेना. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला मनाई केली आहे. ती मनाई मारझोड आणि छळासाठी आहे हे खरं, पण सगळ्यांसमोर आनंदी असल्याचं सांगायला लावणं हाही मुलावर टाकलेला दाबच आहे, असं माझं मत झालं. म्हणून नियम केला: ज्याला बोलायचं नाही त्याने ‘पुढे’ म्हणायचं, आणि वाईट झालेलंही सांगता येईल. बरेच शनिवार तो ‘पुढे’ म्हणत राहिला. एकदा म्हणाला, “शेळी व्याली. एक करडू मेलं, एक हाय.” मुलांनी लगेच विचारलं, जगलेल्याचं नाव काय ठेवलं? मेलेलं कुठं पुरलं? त्याने दोन्ही सांगितलं. आनंददायी शिक्षणात दुःख सांगायला जागा हवीच हवी.

माझ्या वर्गाच्या भिंतीवर आधीपासून एक तक्ता होता. मुलांची नावं आणि पुढे चमकीच्या चांदण्या. कोणी कागद उचलला, कोणी भांडण सोडवलं की एक चांदणी. मुलं कागद उचलून हातातच धरून उभी राहायची, मी बघेपर्यंत. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. रंगीत पेनांनी चित्रं काढायला ज्या मुलांना मुळातच आवडायचं, त्यांतल्या काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. ते मिळालं. काही दिवसांनी वर्गात पेनं मोकळी ठेवली तेव्हा ही मुलं इतरांच्या मानाने कमी वेळ चित्रं काढताना दिसली. ज्यांना बक्षीस अवचित मिळालं, त्यांच्यात ही घट नव्हती. मी तक्ता उतरवला. काही दिवस “मॅडम, चांदणी?” असं विचारणं चाललं, मग थांबलं. कागद उचलणारे थोडे कमीही झाले, पण जे उचलतात ते आता थेट कचराकुंडीत टाकतात.

कौतुक करावंच, पण कशाचं? क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांचा १९९८चा अभ्यास पाचवीच्या मुलांचा आहे. कोडी सोडवल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू खूप मेहनत केलीस’. पुढे अवघड कोडी आल्यावर हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली, आणि आपले गुण दुसऱ्या मुलांना कळवताना ते वाढवून सांगणारीही त्यांच्यातच जास्त निघाली. शाबासकीने मूल खोटं बोलायला लागू शकतं, हे वाचून मी चरकले. तेव्हापासून ‘गुड’, ‘व्हेरी गुड’ कमी केलं आणि मुलाने केलेली गोष्ट त्यालाच परत सांगते: “तू आधी तिचं ऐकून घेतलंस, मग बोललास.” मूल एक क्षण थांबतं, बहुतेक वेळा लाजतं, आणि ते लक्षात ठेवतं.

गुण शिकवण्यासाठीच्या मोठ्या कार्यक्रमांचं काय? इथे नवख्या माणसाचा खरा गोंधळ होतो, कारण पुरावे दोन्हीकडे ओढतात. अमेरिकेत तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठीचे असे सात शालेय कार्यक्रम एकत्र तपासले गेले. २०१० च्या त्या अहवालात सरासरीने काही फरक आढळला नाही. उलट २०११ मध्ये डर्लक आणि सहकाऱ्यांनी २१३ कार्यक्रमांचा, सुमारे २ लाख ७० हजार मुलांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात मुलांचं वागणं आणि अभ्यास दोन्हींत सुधारणा दिसली. तो आढावा असंही सांगतो की क्रमाने, प्रत्यक्ष कृतीतून घेतलेले कार्यक्रम जास्त उपयोगी पडले आणि वर्गशिक्षकाला ते नीट जमतात. आमच्या कपाटात ‘मूल्यवर्धन’च्या पुस्तिका होत्या. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने तो कार्यक्रम २००९ साली याच बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत सुरू केला. त्यातली जोडीने बोलण्याची पद्धत मी उचलली. सगळ्या वर्गासमोर गप्प बसणारं मूल शेजारच्याशी बोलतं, इतकी साधी गोष्ट आहे, पण माझ्या वर्गात तिचा फार उपयोग झाला.

मुलांना खरीखुरी कामंही दिली. वाचनपेटी, परसबाग, पहिलीतल्या मुलांना गोष्ट वाचून दाखवणं. गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक चौथीचाच वर्ग घेतो आणि पुस्तकाआधी गोष्टी, खेळ आणि स्वच्छता यांपासून सुरुवात करतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल जिथे काम करतं तिथे शाळा गेली. मुलाचं रोजचं जगणं शाळेच्या बाहेर ठेवून त्याला गुण शिकवता येत नाहीत, हे या माणसांनी आपल्याच देशात कधीच दाखवून दिलं होतं.

आणि इथेच मला सगळ्यात मोठा पेच पडला. दसरा झाला की आमच्या गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. काही मुलं बरोबर जातात, काही आजीपाशी राहतात. मागे राहिलेली चौथीतली एक मुलगी सकाळी भाकरी थापून, धाकट्या भावाला आवरून शाळेत यायची. केसांना पिठाचा हात लागलेला. ‘जबाबदारीची जाणीव आहे’ ही ओळ तिच्यासाठीच छापल्यासारखी होती. पण ती दुपारी वाचनाच्या तासाला बाकावर डोकं ठेवून झोपायची. तिला मी ‘किती गुणी आहेस’ म्हटलं असतं, तर नऊ वर्षांच्या मुलीवर पडलेल्या ओझ्यालाच गुण म्हणून मान्यता दिल्यासारखं झालं असतं. तिला शाबासकीपेक्षा झोप हवी होती, आयतं ताट हवं होतं आणि लंगडी खेळायला वेळ हवा होता.

स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. मुलं गावातच राहतात, जेवणाची सोय होते. सरांबरोबर मी तिच्या आजीकडे गेले. आजी आधी तयार नव्हती. पोरीची जात, घरचं काम आलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. मी वहीतल्या नोंदी वाचून दाखवल्या. पहिलीतल्या पोरांना गोष्ट वाचताना ही वाघाचा आवाज कसा काढते, कवितेची चाल स्वतः कशी लावते. आजी ऐकत राहिली आणि म्हणाली, “हे मला नव्हतं ठाऊक.” भावाबहिणीची नावं वसतिगृहाच्या यादीत गेली. आता ती वाचनाच्या तासाला जागी असते आणि मधल्या सुट्टीत आरडाओरडा करते. तिच्यापुढे मी आनंदाने लिहिलं: ‘लंगडीत गडी वाटताना न्याय करते. हरल्यावर भांडते.’

ओढ्यावरचा तो मुलगा मात्र गेला. त्याला कारखान्यावर धाकट्या बहिणीला सांभाळायचं होतं. गावातली शाळा अशा मुलांना शिक्षण हमी कार्ड देते, म्हणजे जिथे टोळी उतरेल तिथल्या शाळेत त्याला बसता येतं. कार्डावर इयत्ता आणि प्रगती असते. मी त्याला एक वेगळा कागद जोडला आणि त्यावर तीन प्रसंग लिहिले, पहिला ओढ्याचा. सरांनी कागद वाचला आणि न बोलता शाळेचा शिक्का मारला. सत्राच्या नोंदींतही आता प्रत्येक मुलासाठी रकान्यात एक ओळ आणि मागच्या पानावर प्रसंग, अशी आमची तडजोड झाली आहे.

सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडच्या आणि सीमेपलीकडे बेळगावच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. हंगामात असं कार्ड घेऊन एखादं मूल तुमच्या वर्गात आलं, तर त्याला शेवटच्या बाकावर बसवून पाढे विचारण्याआधी कार्डामागे कागद आहे का ते बघा. नसेल, तर चार दिवस त्याच्याकडे नीट पाहा. आणि हंगाम संपून ते परत निघेल, तेव्हा त्याने तुमच्याकडे काय केलं ते दोन ओळींत लिहून त्याच्यासोबत पाठवा. ते वाचायला इकडे त्याचे शिक्षक आहेत.